न्यूट्रॉन विवर्तनासाठी परवडणारा डिटेक्टर: एका पट्टीपासून मॉड्यूलपर्यंत

न्यूट्रॉन विवर्तनात नमुन्यावरून विखुरलेले न्यूट्रॉन कोणत्या कोनात किती येतात हे मोजतात. ते मोजणाऱ्या हीलियम-३ वायूच्या नळ्या परवडत नाहीत म्हणून अनेक गट स्वतःचा डिटेक्टर करायला घेतात आणि पहिल्याच आठवड्यात सेन्सर व इलेक्ट्रॉनिक्सची खरेदी उरकून टाकतात. गाडी रुळावरून घसरते ती तिथेच. खर्च कमी होतो तो स्वस्त भाग घेतल्याने नव्हे, तर काय मोजायचे नाही हे आधी ठरवल्याने. लागते त्यापेक्षा बारीक पिक्सेल, लागतो त्यापेक्षा जास्त मोजणीचा वेग, गरजेबाहेरचे क्षेत्रफळ, या तिन्हींमुळे चॅनेलची, म्हणजे स्वतंत्रपणे वाचायच्या सेन्सर-वाटांची, संख्या वाढते. आणि पैसा सगळा चॅनेलमध्ये जातो.

या लेखात एकच रचना घेतली आहे: लिथियम-६ फ्लोराइड आणि चांदी मिसळलेले झिंक सल्फाइड यांचा, न्यूट्रॉन शोषून प्रकाश देणारा (सिंटिलेटर) पडदा, त्याला लागून तरंगलांबी बदलणारे फायबर आणि टोकाला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन टिपणारा छोटा प्रकाश-सेन्सर). मोठ्या न्यूट्रॉन केंद्रांवर, म्हणजे ब्रिटनमधले आयसिस, जपानमधले जे-पार्क, अमेरिकेतले एसएनएस इथे, याच कुळातले डिटेक्टर चालतात. लहान प्रयोगशाळेलाही ही रचना झेपते, मात्र टप्प्यांचा क्रम पाळला तरच.

टप्पा १: आधी कागदावर पाच आकडे

खरेदीची यादी करण्यापूर्वी हे पाच आकडे लिहून काढा: तरंगलांबीचा पट्टा, नमुन्यापासून डिटेक्टरचे अंतर, कोनाची लागणारी अचूकता, एका चॅनेलवर अपेक्षित सर्वाधिक मोजणी आणि सहन होईल इतकी पार्श्वभूमी.

पिक्सेलची रुंदी अंतरावरून ठरते. ३ मिलिमीटरची पट्टी १ मीटरवर ठेवली तर ती ३ मिलिरेडियन, म्हणजे सुमारे ०.१७ अंश व्यापते. विवर्तनाचा कोन आणि स्फटिकातल्या अणुथरांचे अंतर (जालकांतर) जोडणाऱ्या ब्रॅगच्या नियमात विकीर्णन कोनाचा अर्धा भाग येतो. त्यामुळे ९० अंशांच्या विकीर्णन कोनावर जालकांतराच्या मोजणीत पट्टीमुळे येणारी अनिश्चितता ०.१५ टक्के भरते. तुमच्या मोनोक्रोमेटरची (एकच तरंगलांबी निवडणारा) आणि कॉलिमेटरची (दिशा अरुंद करणारा) मिळून अनिश्चितता ०.४ टक्के असेल, तर पट्टी १ मिलिमीटर केल्याने काहीच साधत नाही. चॅनेल मात्र तिप्पट होतात. उलट तीच पट्टी मागे, २ मीटरवर नेता येते का ते पाहा. मात्र तेवढाच कोनी पट्टा व्यापायला तिथे दुप्पट पट्ट्या लागतात, हेही मांडा.

उड्डाणकालावर, म्हणजे न्यूट्रॉनला पोहोचायला लागलेल्या वेळेवरून तरंगलांबी काढून, चालणारे उपकरण असेल तर वेळेचा हिशेब वेगळा करावा लागतो. १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा न्यूट्रॉन १ मीटर जायला सुमारे २५३ मायक्रोसेकंद घेतो. १० मीटरच्या मार्गावर १.८ अँगस्ट्रॉमचा न्यूट्रॉन साधारण ४५५० मायक्रोसेकंदांनी पोहोचतो. घटनेची वेळ ५ मायक्रोसेकंदांनी चुकली तर ०.११ टक्के गेले. एका ठरावीक तरंगलांबीवर चालणाऱ्या उपकरणात या अचूकतेची गरजच नसते, तरी लोक तिच्यावर खर्च करतात.

*तपासणी:* पाचही आकड्यांपुढे कारण लिहिलेले आहे का? 'असेच असते म्हणून' हे कारण धरू नका.

टप्पा २: शोषक आणि त्याची जाडी

औष्णिक न्यूट्रॉनसाठी, म्हणजे १.८ अँगस्ट्रॉमवर, शोषणाचा काटछेद (अणुकेंद्राने न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचे माप; एकक बार्न, म्हणजे १०⁻²⁴ चौरस सेंटिमीटर) हीलियम-३ चा सुमारे ५३३० बार्न, बोरॉन-१० चा ३८४० आणि लिथियम-६ चा ९४० आहे. या ओळीत लिथियम शेवटचा दिसतो, म्हणून तो टाकून देऊ नका. लिथियम-६ मध्ये न्यूट्रॉन शोषला की ४.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा ट्रायटॉन आणि अल्फा कणांत वाटली जाते. हीलियम-३ मध्ये ती जेमतेम ०.७६ असते. सिंटिलेटरला एवढी ऊर्जा मिळाली की एका न्यूट्रॉनमागे सुमारे १ लाख ६० हजार फोटॉन निघतात. बोरॉनच्या घन थरातून कण बाहेर यायचा तर थर काही मायक्रॉनचाच ठेवावा लागतो आणि सरळ पडणाऱ्या औष्णिक न्यूट्रॉनसाठी असा एक थर ५ टक्क्यांच्या आसपासच पकडतो. मग अनेक थर, वायू, उच्च व्होल्टेजच्या तारा असा व्याप मागे लागतो. पहिल्या डिटेक्टरसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही.

पडद्याची जाडी अंदाजाने घेऊ नका, गणित करा. पडद्याच्या घन सेंटिमीटरमध्ये लिथियम-६ चे १.४ × १०²² अणू आहेत असे धरा. त्याला ९४० × १०⁻²⁴ ने गुणले की १३.२ प्रति सेंटिमीटर येते. पडदा ०.४५ मिलिमीटर जाड असेल तर घातांक ०.५९ आणि शोषण, म्हणजे १ − e^(−०.५९), ४५ टक्के. काटछेद तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३.६ अँगस्ट्रॉमवर तोच पडदा ६९ टक्के शोषतो आणि ०.९ वर फक्त २६.

शोषण वाढवायला जाड पडदा घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. पण हा पडदा स्वतःच्याच प्रकाशाला जवळजवळ अपारदर्शक असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे खोल भागातला प्रकाश बाहेरच येत नाही. न्यूट्रॉन शोषला जातो, मोजला जात नाही. यावर उपाय म्हणजे फायबरच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा. वरच्या उदाहरणातले दोन पडदे मिळून १.८ अँगस्ट्रॉमवर ६९ टक्के शोषतात आणि प्रत्येकाचा प्रकाश जवळच्या फायबरपर्यंत पोहोचतो.

*सावध:* नैसर्गिक लिथियममध्ये लिथियम-६ साडेसात टक्क्यांच्या आसपासच असते. मागणीपत्रात 'लिथियम-६ समृद्ध, ९५ टक्के' असे स्पष्ट लिहा. समृद्ध लिथियम निर्यात-नियंत्रणाखाली येते. परवानगीच्या कागदपत्रांना लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर सगळे तयार आणि पडदाच नाही अशी वेळ येते.

टप्पा ३: पडदा हाताळणे

इथे घाई झाली की पुढचे सगळे निकाल संशयास्पद ठरतात.

पडद्याला दोन बाजू असतात. एका बाजूला सिंटिलेटरची पूड, दुसऱ्या बाजूला आधाराचा पत्रा किंवा फिल्म. पुडीची बाजू फायबरकडे यायला हवी. हे सांगायची गरज वाटत नाही, पण उलटा चिकटवलेला पडदा ही खरोखर वारंवार घडणारी गोष्ट आहे आणि त्यातून मिळणारा मंद, असमान प्रकाश लोक महिनाभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये शोधत बसतात. कापण्यापूर्वीच आधाराच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करा.

कापताना नवे, धारदार पाते आणि धातूची पट्टी वापरा. एकाच दाबात आरपार कापू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवले की कड भुगा न होता सुटते. कड तुटली तर पट्टीच्या सीमेवर संवेदनक्षमता घटते आणि ती उणीव पुढे विवर्तन आलेखात खोट्या खाचेसारखी दिसते. हातमोजे घाला. पूड श्वासात जाऊ देऊ नका.

झिंक सल्फाइड उजेडात राहिले की नंतर तासन् तास मंद चमकत राहते. उजेडात जोडणी करून लगेच मोजायला बसलात तर सेन्सरला ही चमकच दिसेल. जोडणी पिवळ्या किंवा लाल मंद प्रकाशात करा आणि मोजणीपूर्वी संच रात्रभर पूर्ण अंधारात ठेवा.

*तपासणी:* अंधारात ठेवल्यावर तासातासाने मोजणीचा दर नोंदवा. तो उतरत उतरत स्थिर झाला पाहिजे. उतरतच नसेल तर पेटीत उजेड शिरतो आहे.

टप्पा ४: फायबर बसवणे

पडद्याचा प्रकाश निळा, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. फायबर तो शोषून हिरवा प्रकाश सोडतो आणि त्यातला काही भाग आतल्या आत परावर्तित होत टोकाकडे जातो. दुहेरी आवरणाच्या फायबरमध्येही एका टोकाकडे जाणारा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणजे दीड लाख फोटॉनांपैकी सेन्सरच्या हाती शेवटी काही डझन लागतात आणि घटना पडद्याच्या खोल भागात घडली असेल तर त्याहूनही कमी. म्हणूनच या टप्प्यावर वाया गेलेला प्रत्येक फोटॉन महाग पडतो.

क्रम असा ठेवा:

१. फायबर हवे त्यापेक्षा थोडे लांब कापा. तापवलेल्या चाकूने कापू नका, टोक वितळून विद्रूप होते.

२. टोके बारीक होत जाणाऱ्या सॅंडपेपरवर घासा, शेवटी पॉलिश फिल्मवर आठच्या आकड्यात फिरवा. भिंगाखाली टोक पाहा. ओरखडे दिसत असतील तर आधीच्या पायरीवर परत या.

३. एका टोकाला परावर्तक लावा किंवा दोन्ही टोके एकाच सेन्सरकडे वळवा. दोन्ही टोके वळवताना फायबर उत्पादकाने दिलेल्या किमान त्रिज्येपेक्षा जास्त वाकवू नका. जास्त वाकवल्यास आवरणाला न दिसणाऱ्या चिरा पडतात.

४. फायबर पडद्यावर समांतर मांडून पारदर्शक ऑप्टिकल इपॉक्सीने बसवा. इपॉक्सी मिसळल्यावर निर्वातात ठेवून त्यातली हवा काढा. बुडबुडा राहिला की त्या जागी प्रकाश गळतो.

५. शेजारच्या पट्ट्यांमध्ये पांढरा परावर्तक पत्रा घाला. नाहीतर एक न्यूट्रॉन दोन पट्ट्यांत मोजला जाईल.

*सावध:* फायबर आणि इपॉक्सी हायड्रोजनने भरलेले असतात आणि हायड्रोजन न्यूट्रॉनला जोरात विखुरतो. न्यूट्रॉन आधी पडद्यावर पडला पाहिजे. पडद्यापुढे प्लास्टिकचा जाड थर, इपॉक्सीचे ढीग किंवा टेपच्या घड्या ठेवू नका. फायबरही शक्य तितके बारीक घ्या. समोर खिडकी म्हणून १ मिलिमीटर अॅल्युमिनियम चालते, त्यात सुमारे १ टक्काच न्यूट्रॉन गमावतात.

टप्पा ५: सेन्सर आणि अंधारातली मोजणी

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर लहान असतो, कमी व्होल्टेजवर चालतो आणि चुंबकीय क्षेत्रात बिघडत नाही. त्याची किंमत दोन रूपांत मोजावी लागते. अंधारातही तो पल्स (विजेचे छोटे ठोके) देत राहतो, खोलीच्या तापमानाला दर चौरस मिलिमीटरला सेकंदाला दहा हजारांपासून लाखाच्या घरात. शिवाय तापमान बदलले की त्याचे ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्यापुढे तो फोटॉन टिपू लागतो ते) अंशामागे दहा-वीस ते पन्नास मिलिव्होल्टने सरकते आणि त्याबरोबर प्रवर्धनही. म्हणून सेन्सरशेजारी तापमापक लावा आणि व्होल्टेज आपोआप दुरुस्त होईल अशी सोय पहिल्या दिवसापासून करा. नंतर करू म्हटले की होत नाही. दुपारचे आलेख आणि पहाटेचे आलेख जुळेनासे झाल्यावरच तिची आठवण येते.

सेन्सरचे क्षेत्रफळ फायबरच्या टोकाइतकेच घ्या. मोठा सेन्सर घेतला तर प्रकाश तेवढाच राहतो, आवाज, म्हणजे खोटे पल्स, मात्र वाढतो.

टप्पा ६: न्यूट्रॉन ओळखणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

हीलियम नळीच्या पल्स-उंचीच्या आलेखात एक स्पष्ट दरी असते आणि थ्रेशोल्ड (घटना मान्य करण्याची किमान मर्यादा) त्या दरीत ठेवायचा, हे सगळ्यांना पाठ असते. झिंक सल्फाइडच्या पडद्यात ती दरी नसते. घटना किती खोल घडली यावर प्रकाश अवलंबून असल्याने आलेख पसरट, उतरत जाणारा असतो. दरी शोधत बसू नका. थ्रेशोल्ड ठरतो तो दोन मोजण्यांवरून: अंधारातला दर आणि गॅमाचा दर.

सोपी आणि स्वस्त पद्धत म्हणजे फोटॉन मोजणे. एका फोटॉनचा पल्स ओळखणारा जलद कंपॅरेटर (व्होल्टेज मर्यादेपुढे गेले का ते सांगणारे सर्किट) आणि त्याचे पल्स मोजणारा एफपीजीए (हवे तसे जुळवता येणारी डिजिटल चिप). गॅमामुळे उडालेला इलेक्ट्रॉन पातळ पडद्यात थोडीच ऊर्जा सोडतो, त्यामुळे फोटॉन थोडे आणि लगेच संपणारे असतात. न्यूट्रॉनचा प्रकाश भरपूर असतो आणि कित्येक मायक्रोसेकंद रेंगाळतो. म्हणून ठरावीक खिडकीत अमुक इतके फोटॉन आले तरच घटना मान्य करायची.

आता आकडे पाहा. सेन्सर १ चौरस मिलिमीटरचा, अंधारातला दर सेकंदाला १ लाख, खिडकी २ मायक्रोसेकंदांची. खिडकीत सरासरी ०.२ पल्स पडतात. थ्रेशोल्ड ५ ठेवला तर निव्वळ योगायोगाने सेकंदाला पाच-सहा खोट्या घटना होतील. ८ ठेवला तर सव्वा तासात एखादी. तीन फोटॉनांच्या फरकात एवढे अंतर पडते. सेन्सरमधल्या एका पेशीने शेजारची पेशी पेटवण्यामुळे प्रत्यक्ष दर यापेक्षा जास्त येतो, म्हणून गणितावर थांबू नका, अंधारात एक पूर्ण रात्र मोजा.

*नेहमीची चूक:* कार्यक्षमता कमी दिसली की थ्रेशोल्ड खाली आणणे. आकडा वाढतो, पण वाढलेले न्यूट्रॉन नसतात. विवर्तनात दुबळी शिखरे पार्श्वभूमीवर उभी असतात. पार्श्वभूमी दुप्पट झाली तर १० टक्के जास्त न्यूट्रॉन मिळूनही ती शिखरे हरवतात.

पुढचा प्रश्न डेड टाइमचा, म्हणजे चॅनेल बंद राहण्याच्या काळाचा. झिंक सल्फाइडची शेपटी दहा ते शंभर मायक्रोसेकंद लांबते. एकदा घटना मान्य केली की चॅनेल काही काळ बंद ठेवावा लागतो, नाहीतर तोच न्यूट्रॉन दोनदा मोजला जाईल. किती काळ, हे तुमच्या संचावर मोजून ठरवा. लागोपाठच्या घटनांमधल्या वेळेचा आलेख काढा. तो निखळ घातांकी उतरता असायला हवा. सुरुवातीला, कमी वेळेच्या टोकाला, उंचवटा दिसला तर ती दुबार मोजणी आहे. बंद राहण्याचा काळ वाढवत न्या आणि उंचवटा नाहीसा झाला की थांबा.

त्याचा फटका टप्पा १ मधल्या मोजणीच्या आकड्याशी ताडून पाहा. डेड टाइम १० मायक्रोसेकंद आणि नोंदलेला दर सेकंदाला १० हजार असेल तर काळाचा दहावा भाग चॅनेल बंद होता. खरा दर काढायला नोंदलेल्या दराला ०.९ ने भागा. पूड-विवर्तनात एका पट्टीवर सहसा एवढा दर नसतो, पण एकस्फटिकाच्या तेजस्वी ठिपक्यावर तो सहज येतो.

टप्पा ७: पेटी आणि ढाल

पेटी अॅल्युमिनियमची, आतून काळी. केबलची भोके हीच उजेडाची वाट असते. संच चालू ठेवून खोलीतले दिवे लावा-विझवा. दर हलला तर विजेरी प्रत्येक सांध्यावर फिरवून गळती शोधा.

मागून आणि बाजूंनी येणारे न्यूट्रॉन अडवायला बोरॉन कार्बाइड भरलेले रबर किंवा बोरॉनयुक्त पॉलिथिलीन वापरा. कॅडमियमचा १ मिलिमीटर पत्रा औष्णिक न्यूट्रॉन पूर्ण अडवतो, पण शोषताना जोरदार गॅमा सोडतो. त्यामुळे तो पडद्याला चिकटवू नका. कॅडमियम विषारी आहे, ते घासू किंवा तापवू नका.

टप्पा ८: स्रोतावर चाचणी

*सावध:* न्यूट्रॉन स्रोत फक्त किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून.

अमेरिशियम-बेरिलियम किंवा कॅलिफोर्नियम-२५२ यांचे न्यूट्रॉन वेगवान असतात. काही सेंटिमीटर पॉलिथिलीनमध्ये मंद केल्याशिवाय तुमच्या पडद्याला ते दिसणारच नाहीत. मोजण्या याच क्रमाने घ्या: स्रोताशिवाय, स्रोतासह, स्रोत व डिटेक्टर यांच्यात कॅडमियमचा पत्रा ठेवून. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीतला फरक म्हणजे औष्णिक न्यूट्रॉन. पत्रा ठेवूनही मोजणी फारशी घटली नाही, तर तुम्ही गॅमा, वेगवान न्यूट्रॉन किंवा आवाज मोजत आहात.

मग न्यूट्रॉन स्रोत हलवा आणि ज्ञात क्रियाशीलतेचा कोबाल्ट-६० ठेवा. पट्टीवर पडणारे गॅमा भूमितीवरून काढा आणि नोंदलेल्या घटनांना त्यांनी भागा. दहा लाख गॅमामागे एक घटना किंवा त्याहून कमी आली तर विवर्तनासाठी ठीक. जास्त आली तर टप्पा ६ वर परत जा.

टप्पा ९: बीमवर

थेट बीममध्ये डिटेक्टर धरू नका. आधी कॅडमियमच्या अरुंद फटीतून येणारा दुबळा बीम पट्टीवर आडवा सरकवत न्या. पट्टीच्या मध्यावर दर सपाट आणि कडांवर तीव्र उतार, असा आलेख हवा. मध्येच खड्डा असेल तर बुडबुडा किंवा तुटकी कड.

कार्यक्षमतेसाठी उसनी हीलियम-३ नळी आणा. १० बार दाबाची, २५ मिलिमीटर व्यासाची नळी १.८ अँगस्ट्रॉमवर मध्यरेषेवरून जाणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी सुमारे ९६ टक्के शोषते. तोच बारीक बीम आधी नळीच्या मध्यावर, मग तुमच्या पट्टीवर टाका आणि बीमच्या मॉनिटरने दोन्ही मोजण्या भागून घ्या.

त्यानंतर नमुने. व्हॅनेडियम न्यूट्रॉन सर्व दिशांना जवळजवळ सारखे विखुरतो, म्हणून पट्ट्यांमधला फरक त्याने भरून काढता येतो. सिलिकॉन पुडीने कोनांची जुळवणी करा. १.८ अँगस्ट्रॉमवर सिलिकॉनची १११ रेषा ३३.४ अंशांवर आणि २२० रेषा ५५.९ अंशांवर यायला हवी. दोन्ही सारख्याच सरकल्या असतील तर शून्य कोन चुकला आहे. एक जास्त आणि एक कमी सरकली असेल तर तरंगलांबी किंवा अंतर तपासा.

*नेहमीची चूक:* व्हॅनेडियमची मोजणी घाईत आटोपणे. तिच्यातली सांख्यिकी त्रुटी पुढच्या प्रत्येक आलेखात कायमची मिसळते. व्हॅनेडियमला नमुन्यापेक्षा जास्त वेळ द्या.

टप्पा १०: एकावरून अनेक

एक पट्टी या सगळ्यांतून पार पडल्याशिवाय दुसरी करू नका. मग आठ पट्ट्यांचा संच करा. शेजारच्या पट्टीत गळणारा प्रकाश, पट्ट्यांमधला फरक आणि एकत्र चालल्यावर वाढणारे तापमान तिथेच कळते. तो महिनाभर न हलवता चालवा आणि व्हॅनेडियमचा आलेख दर आठवड्याला काढा.

चॅनेल वाचवण्यासाठी फायबर जोड्यांच्या सांकेतिक पद्धतीने सेन्सरांत वाटता येतात. १६ सेन्सरांच्या १२० वेगवेगळ्या जोड्या होतात, म्हणजे १२० पट्ट्या १६ सेन्सरांवर. आकडा मोहात पाडणारा आहे. पण प्रकाश दोन सेन्सरांत अर्धा-अर्धा वाटला जातो आणि दोन न्यूट्रॉन एकाच वेळी आले की तिसऱ्याच जागी खोटी घटना उमटते. कमी दराच्या पूड-विवर्तनात हा सौदा परवडतो. एकस्फटिकासाठी पट्टीमागे एक सेन्सर ठेवा आणि खर्च कमी करायचाच असेल तर पट्ट्या कमी करून डिटेक्टर फिरत्या हातावर बसवा.

मॉड्यूल वाढवताना प्रत्येकावर क्रमांक, पडद्याचा बॅच, इपॉक्सी लावल्याची तारीख आणि अंधारातला दर लिहून चिकटवा. सहाव्या मॉड्यूलचा दर पहिल्यापेक्षा दीडपट निघाला की आधी हीच चिठ्ठी पाहावी लागते.